कुत्र्याने कोय गिळली तर

आंब्याच्या दिवसांत घरातल्या कुत्र्याने कोय गिळणे ही नेहमीची गोष्ट आहे. रसाने माखलेली कोय निसरडी असते आणि कुत्र्याला चावत बसण्याची सवय नसते. त्याची अन्ननलिका चांगलीच ताणली जाते, त्यामुळे कोय सहसा खाली उतरते. अडचण येते ती पुढे. लहान आतडे अरुंद, आणि कोयीचे कवच पचत नाही. ती जठरात काही दिवस, प्रसंगी काही आठवडे नुसती पडून राहते आणि मग आतड्यात सरकून घट्ट बसते. म्हणून ‘चार दिवस झाले, काही त्रास नाही’ हा दिलासा फसवा असतो. मक्याच्या कणसाचा दाणे खाऊन टाकलेला दांडा, मोजा, रबरी चेंडू यांचेही असेच होते.

सर्वांत आधी श्वास पाहावा. कुत्रा पंजाने तोंड ओरबाडत असेल, हिरड्या निळसर पडत असतील, तर वस्तू घशात अडकली आहे. तोंड उघडून ती स्पष्ट दिसली तरच काढावी. अंदाजाने बोट घातल्यास ती आणखी आत जाते.

श्वास ठीक असला तरी पशुवैद्याला लगेच फोन करावा. काय गिळले, केव्हा गिळले, कुत्र्याचे वजन किती, एवढे सांगावे. तोवर खायला देऊ नये. साधारण दोन तासांच्या आत डॉक्टर इंजेक्शन देऊन ओकारी काढू शकतात, पण प्रत्येक वस्तूसाठी हा उपाय चालत नाही. टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडते, मोठी वस्तू वाटेत अडकते. घरी मिठाचे पाणी पाजण्याची प्रथा तर सरळ धोक्याची आहे: रक्तातले मीठ वाढून झटके येतात. तूप आणि केळी भरवल्याने कोय विरघळत नाही.

घड्याळातली किंवा रिमोटमधली बटणासारखी बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर एक-दोन तासांतही तिथले आवरण जाळते. तिथे थांबणे नाही.

दोऱ्याचे प्रकरण वेगळे. त्याचे एक टोक जठरात अडकते आणि दुसरे आतड्यात पुढे जाते. नाडी ओढल्यावर नेफा गोळा व्हावा तसे आतडे त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होते आणि ताणलेला दोरा आतून कापत जातो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये.

वारंवार ओकारी, अन्न टाकणे, शी न होणे, पुढचे पाय टेकून मागचा भाग उंच धरणे ही आतडे तुंबल्याची लक्षणे होत. एक्स-रेमध्ये धातू आणि हाडे ठळक दिसतात. कापड किंवा कोय नीट दिसेलच असे नाही, तेव्हा सोनोग्राफी उपयोगी पडते. वस्तू जठरात असेल तर भूल देऊन दुर्बिणीने काढण्याचा प्रयत्न होतो. आतड्यात अडकली असेल तर बहुधा शस्त्रक्रियाच, आणि उशीर झालेला असेल तर मेलेला आतड्याचा तुकडा कापून टोके जोडावी लागतात.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत टाके सुटण्याची भीती सर्वाधिक असते. त्या दिवसांत कुत्रा पुन्हा ओकू लागला, मलूल झाला किंवा पोटाला हात लावू देईना, तर त्याच दिवशी त्याला परत दवाखान्यात न्यावे.