शिबिर उठलं, आजार राहिला
(त्र्यंबकेश्वर येथे युवकांपुढे केलेलं भाषण)



२०१५ च्या सिंहस्थात हार्वर्डची मंडळी इथं आली. दवाखान्यातल्या रोग्यांची रोजच्या रोज टॅबवर नोंद झाली. मेळ्यात साथ पसरू नये म्हणून ते काम गरजेचंच. पण मेळा उठला, तंबू उठले. पाडे आणि वस्त्या जागच्या जागी.

परदेशी डॉक्टरचं शिबिर लागलं की आपली माणसं रांग लावतात. म्हातारी म्हणते, 'गोरा डाक्तर हात लावून तपासतो.' ज्यांची सावलीही गावानं टाळली, त्यांनाच त्या हाताचं मोल कळतं! म्हणून लोक गोळ्या घेतात, फोटोला उभे राहतात. मग आपसात बोलतात : पाकीट संपलं, आता कुणाला विचारायचं? ब्लडप्रेशरची गोळी जन्माची, डॉक्टरचं विमान पंधरवड्याचं. जुलाबाला औषध मिळतं; उन्हाळ्यात बाई मात्र विहिरीच्या तळाशी उतरून गढूळ पाणीच भरते.

जामखेडला बघा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे तिथं राहायलाच गेले. शाळा न पाहिलेल्या, दलित वस्तीतल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, लस, स्वच्छ पाणी याची जाण गावातच राहिली. आता परदेशी तिथं शिकायला येतात!

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, आजार बाराही महिने. पाहुण्यांना सांगा : या, पण आमच्या पोरींना शिकवून जा. आणि सरकारला ठणकावून विचारा : साधूंच्या स्नानाला कोट्यवधी, मग आमच्या वस्तीला डॉक्टर आणि पाणी कधी? आम्हाला दया नको, हक्क पाहिजे!