कवळी आणि दंतकवच

घरांतील वडील माणसाचे दांत गेल्याची वार्ता वैद्याच्या आधीं स्वयंपाकघरास कळते. रत्नागिरी जिल्ह्यांत तर ती फारच लवकर कळते. तांदळाची भाकरी पानांतून अर्धी परत येऊं लागते, ओल्या काजूची उसळ पुढें सरकविली जाते, काप्या फणसाचा गरा नातवाच्या हातावर पडतो, आणि दोन्ही वेळां मऊ भात, पेज व कुळथाचें पिठलें यांवर भागविणें सुरू होतें. घरची मंडळी 'आतां वय झालें' एवढें म्हणून स्वस्थ बसतात. परंतु दांत जाणें हा वार्धक्याचा नियम नव्हे. दांत जातात ते किडीनें आणि हिरड्यांच्या रोगानें. वय केवळ त्या दुर्लक्षाची बेरीज मांडतें.

सुश्रुतसंहितेंत दंतधावनासाठीं बारा अंगुळें लांब व करंगळीएवढी जाड काडी सांगितली असून तुरट झाडांत खदिर श्रेष्ठ मानला आहे. हा खदिर म्हणजे कोंकणच्या रानांतला खैर. चिपळूण-सावर्डे भागांत त्याचा कात काढतात. दैवयोग असा कीं, ज्या झाडाची काडी दांतांची रक्षक म्हणून ग्रंथांत बसली, त्याचाच कात विड्यांतून सुपारी व तंबाखू यांच्या संगतीनें तोंडांत जाऊं लागला! त्यांत मशेरीची भर. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू बोटानें हिरड्यांवर चोळण्याची ही रीत कोंकणांतील बायकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मशेरीनें ठणका क्षणभर शमल्यासारखा वाटतो. रोग मात्र आंत वाढतच राहतो, आणि मुखाच्या कर्करोगाची भीति ती वेगळीच. सतत सुपारी चघळणाऱ्याच्या गालांची आंतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासें होतें. अशा माणसाचे दांत पुढें गेलेच, तर ठसा घेण्याचें पात्रही त्याच्या तोंडांत शिरत नाहीं. म्हणजे गेलेलें परत मिळविण्याचा मार्गही तो स्वतःच बंद करून बसलेला असतो.

गेलेल्या दांतांच्या जागीं दुसरे बसविण्याची मनुष्याची खटपट जुनी आहे. जपानांत सन १५३८ मध्यें निधन पावलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची अखंड लांकडांत कोरलेली कवळी अद्याप जतन केलेली आहे. युरोप-अमेरिकेंत पाणघोड्याच्या सुळ्याचे, हस्तिदंताचे, इतकेंच नव्हे तर दुसऱ्या माणसांचे दांतही वापरीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्या लांकडाच्या होत्या ही आख्यायिका खोटी आहे. त्यांत हस्तिदंत, धातु आणि मानवी दांत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गंधक घालून कठीण केलेलें रबर आलें, तेव्हां कवळी मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ॲक्रिलिक हा कृत्रिम पदार्थ निघाला आणि त्यानें रबरास मागें सारलें. त्याला हिरडीसारखा गुलाबी रंग देतां येतो, हें त्याच्या विजयाचें एक कारण.

पदार्थ बदलले, तरी कवळी तोंडांत टिकून राहण्याचें तत्त्व त्या जपानी भिक्षुणीच्या वेळचेंच आहे. कवळी व टाळू यांच्या मध्यें लाळेचा अतिशय पातळ थर असतो. ओल्या कांचेच्या दोन तावदानांप्रमाणें तो थर दोहोंस चिकटवून धरतो, आणि कडा नीट बसल्या असतील तर आंत हवा शिरत नाहीं. हें सगळें अचूक ठशावर अवलंबून असतें. वरच्या कवळीला टाळूची रुंद जागा मिळते. खालच्या कवळीला मिळते ती घोड्याच्या नालासारखी अरुंद कड, आणि शेजारीं अखंड हलणारी जीभ. म्हणून खालची कवळी हालते ही तक्रार जगांतील सर्व भाषांत ऐकूं येते. आधुनिक उपाय असा कीं, जबड्याच्या हाडांत टायटेनियमचे दोन खुंट बसवून त्यांवर ती अडकवावी. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनीं असे खुंट मनुष्याच्या जबड्यांत प्रथम १९६५ सालीं बसविले. खर्च मात्र सर्वांस झेपणारा नाहीं.

कवळी ही बाजारांतून पायतण आणावें तशी आणण्याची वस्तु नव्हे. पहिला ठसा, मग त्यावरून केलेल्या पात्रानें दुसरा अधिक बारीक ठसा, मग मेणाच्या कडांवर वरखालच्या जबड्यांचा मेळ, मग मेणांत बसविलेले दांत तोंडांत ठेवून पाहणें, आणि अखेरीस तयार कवळी. अशा चार-पांच फेऱ्या होतात. त्यानंतर जेथें टोंचतें तेथें घासून घेण्यासाठीं आणखी दोन-तीन. नेमका येथेंच कोंकणचा घोळ होतो. मुंबईचा चाकरमानी गणपतीस आठ-दहा दिवस गांवीं येतो. आईचे हाल पाहून त्याला गहिंवर येतो, आणि तेवढ्या दिवसांत घाईघाईनें कवळी करवून तो परत जातो. तो गेल्यावर चौथ्या दिवशीं हिरडीस फोड येतो. तालुक्यास जाण्यास एसटीचा दिवस मोडतो, सोबतीस कोणी नसतें. मग म्हातारी ती कवळी पुसून डब्यांत ठेवते, आणि पुढल्या गणपतींत मुलगा विचारील तेव्हांच ती बाहेर निघते. पैसा खर्च झाला, माया दिसली, भाकरी मात्र पुन्हां परतच येते. मुलानें कवळीच्या किंमतीबरोबर त्या मागाहूनच्या तीन फेऱ्यांचीही तजवीज करून जावें. शेजारचा मुलगा सोबतीस ठरवून दिला तरी भागतें. जिल्ह्यांत खेड येथें दंतमहाविद्यालय आहे; सर्वांस मुंबईचीच वाट धरावी लागते असें नाहीं.

कवळी लावल्यावर बोलणें प्रथम अडखळतें. त, थ, द, ध, न यांना व्याकरणकारांनीं दंत्य म्हटलें तें उगीच नव्हे. मोठ्यानें पोथी वाचावी. आठ-पंधरा दिवसांत जीभ नवें घर ओळखते. पहिल्या दिवसांत लहान घांस दोन्ही बाजूंस वांटून चावावा, नाहीं तर कवळी एका अंगास कलंडते. मासे खाणाऱ्यांनीं एका गोष्टीस विशेष जपावें. वरची कवळी टाळू झांकून टाकते, आणि मासळीचा कांटा टाळूस लागून कळत असे तो कळेनासा होतो. तारली-पेडव्यांसारखे कांटेरी मासे पूर्वींच्या संवयीनें खाल्ले, तर कांटा थेट घशांत जातो. रात्रीं कवळी काढून साध्या पाण्यांत ठेवावी, म्हणजे हिरड्यांस विसांवा मिळतो व बुरशीचा दाह होत नाहीं. कढत पाण्यांत ती वांकते. राख अगर मशेरी यांनीं घासूं नये. मऊ कुंचला आणि साबण पुरेसा आहे, व धुतांना खालीं पाण्यानें भरलेलें भांडें ठेवावें, कारण हातांतून निसटलेली कवळी शहाबादी फरशीवर पडून दुभंगते. दांत गेल्यावर जबड्याचें हाड वर्षानुवर्षें झिजत जातें. यास्तव उत्तम बसलेली कवळीही कालांतरानें सैल होते. तिचा दोष नाहीं. ती आंतून पुन्हां भरून घ्यावी लागते.

आठवड्याच्या बाजारांत पेटी मांडून बसणारा मनुष्य एका बैठकींत दांत बसवून देतो, व पुष्कळांस तें सोयीचें वाटतें. तो ओला प्लास्टिकचा लगदा थेट हिरडीवर थापतो, शेजारच्या चांगल्या दांतांस तार गुंडाळतो, आणि तो दांत पुन्हां निघूंच नये अशी व्यवस्था करून देतो. खालीं अन्न कुजतें, हिरडी सडते, आणि एका दांतापायीं शेजारचे दोन जातात. हिंदुस्थानांतील पहिलें दंतमहाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास १९२० सालीं काढलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें महाविद्यालय १९३३ त निघालें. १९४८ च्या कायद्यानें दंतवैद्यास नोंदणी आवश्यक झाली. इतकें होऊनही बाजारांतली ती पेटी उठलेली नाहीं, याचें कारण अज्ञानापेक्षां अंतर हेंच अधिक आहे.

आतां तरुणांकडे वळावें. ज्या ठशानें आजोबांची कवळी होते, त्याच ठशानें नातवाचे दांत वांचवितां येतात. रत्नागिरी हा कबड्डीचा जिल्हा. चिपळूणजवळ डेरवण येथील क्रीडासंकुलांत कबड्डी, खोखो, मल्लखांब यांच्या स्पर्धांस मुलांची गर्दी लोटते. कबड्डींत पकड करतांना गुडघा, कोंपर अगर प्रतिपक्ष्याचें डोकें तोंडावर बसतें, आणि बहुधा वरचा पुढचा दांत कामास येतो. मुष्टियुद्धांत यावर तोड केव्हांच निघाली. लंडनच्या वुल्फ क्राउझ या दंतवैद्यानें १८९० च्या सुमारास गटापर्चा नामक झाडाच्या चिकाची पट्टी मुष्टियोद्ध्यांच्या दांतांवर बसविली. पुढें १९२१ मध्यें न्यूयॉर्क येथें टेड किड लुइस यानें असें कवच घातलें, तेव्हां प्रतिपक्षानें तो अन्याय आहे म्हणून हरकत घेतली! आज मुष्टियुद्धांत तें सक्तीचें आहे. कबड्डीच्या मैदानावर तें अजून क्वचितच दिसतें.

खेळाडू ज्याला माउथगार्ड म्हणतात तें दुकानांत तयार मिळतें, पण कबड्डीपटूची अडचण निराळी आहे. चढाई करणाऱ्यास 'कबड्डी, कबड्डी' असा उच्चार अखंड व स्पष्ट करावा लागतो. तो तुटला तर पंच बाद देतो. तयार कवच जाडजूड असतें, दांत आवळून धरल्याखेरीज तें जागेवर राहत नाहीं, आणि श्वास कोंडतो. मुलगा तें पहिल्याच डावांत काढून कनवटीस लावतो. ठशावरून घडविलेलें कवच मात्र वरच्या दांतांवर आपोआप धरून राहतें, आणि थोड्या संवयीनें उच्चारास अडथळा करीत नाहीं. त्याची कृति कवळीहून फार सोपी आहे. अल्जिनेट नांवाच्या पदार्थानें ठसा घेतात, त्यांत प्लास्टरचा सांचा ओततात, आणि तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा हवा शोषून त्या सांच्यावर बसवितात. अल्जिनेट हें तपकिरी समुद्रशैवालापासून निघतें. पूर्वीं ठशासाठीं जपानी अगर वापरीत. दुसऱ्या महायुद्धांत तें मिळेनासें झालें तेव्हां अल्जिनेट पुढें आलें. रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं जें शेवाळ पायाखालीं तुडविलें जातें, त्यांतही याच जातीच्या वनस्पति आहेत. मुलाचे दांत वाढते असतात, म्हणून कवच घट्ट होऊं लागलें कीं नवें घ्यावें.

कवच नसतां दांत मुळासकट निखळलाच, तर घड्याळाकडे पाहून वागावें. दांत शुभ्र भागास धरून उचलावा, मुळास बोट लावूं नये. माती लागली असल्यास क्षणभर पाण्याखालीं धरावा, घासूं नये. शक्य तर तेथेंच त्याच्या खांचेंत बसवून स्वच्छ रुमालावर दांत मिटावे. तें न जमलें तर दांत दुधांत टाकून दंतवैद्याकडे धांव घ्यावी, आणि ती अर्ध्या तासाच्या आंत पोहोंचावी. शहाळ्याच्या पाण्याचेही याकामीं प्रयोग हिंदुस्थानांत झाले आहेत. परंतु त्यांचे निष्कर्ष परस्परांशीं जुळत नाहींत, म्हणून माडाखालीं सामना चालला असला तरी शेजारच्या घरांतून पेलाभर दूध मागून आणावें. पडलेला दांत दुधाचा असेल तर मात्र तो पुन्हां बसवूं नये. त्याच्या मागें उगवणाऱ्यास इजा पोहोंचते.