तांब्याची तार आणि फेझंटचं पीस

इंग्लंडच्या दक्षिणेला टेस्ट, इचन, एव्हन अशा काही नद्या खडूच्या टेकड्यांतून उगम पावतात. पावसाचं पाणी त्या खडूत मुरतं, सावकाश गाळलं जातं आणि झऱ्यांवाटे वर येतं. त्यामुळे पूर आला तरी तो अंगावर येत नाही, उन्हाळ्यातही पाणी थंड राहतं आणि बहुतेक वेळा इतकं नितळ असतं की तळाच्या वनस्पतींच्या आडोशाला उभा असलेला ट्राउट मासा काठावरून दिसतो. गळावर पिसं बांधून कीटकाची हुबेहूब नक्कल करायची आणि ती दाखवून मासा पकडायचा, या फ्लाय फिशिंगच्या कलेला या काठांवर शास्त्राचं रूप आलं. आजचा विषय त्यातली एकच नक्कल आहे: फ्रँक सॉयर यांचा ‘फेझंट टेल निम्फ’.

ट्राउटच्या ताटात काय असतं, हे आधी पाहायला हवं. मेफ्लाय नावाचा कीटक पंख फुटल्यावर फार तर एक-दोन दिवस जगतो. त्याचं बाकीचं सगळं आयुष्य निम्फच्या, म्हणजे अपक्व अवस्थेच्या, रूपात पाण्याखाली, दगडांत आणि शेवाळात जातं. वेळ आली की निम्फ पृष्ठभागाकडे झेपावतो, कात टाकतो आणि उडून जातो. म्हणजे ट्राउटला बारमाही मिळणारा घास पाण्याखालचा आहे. वरची माशी हा हंगामी मेवा.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नद्यांवर राज्य होतं ते वर तरंगणाऱ्या माशीचं. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ मध्ये तरंगत्या माश्या कशा बांधाव्यात यावर पुस्तक लिहिलं आणि त्यांच्या अनुयायांनी त्याचा धर्म केला. तरंगती माशी वापरली तरच ती सभ्य मासेमारी, असा दंडक पडला. त्याला आव्हान दिलं ते जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलानं. हाडाच्या नळीतला मगज काढायला असतो तसला लांबट चमचा घेऊन ते पकडलेल्या माशाच्या पोटातलं अन्न बाहेर काढत आणि पाण्यात सोडून तपासत. वकिलाला शोभेल असाच हा पुरावा. त्यात निम्फच निम्फ सापडत. १९१० मध्ये त्यांनी आपलं म्हणणं पुस्तकरूपानं मांडलं, पण वाद काही मिटला नाही. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निम्फवर रीतसर चर्चा झाली, तेव्हा ऐंशीला टेकलेले स्क्यूज जवळपास एकटे पडले होते.

सॉयर यांची गोष्ट वेगळी. १९०६ मध्ये एव्हनच्या काठी जन्मलेला हा माणूस विल्टशरमधल्या नेदरएव्हनजवळ नदीचा राखणदार होता. वनस्पती कापणं, गाळ काढणं, माशांची पैदास सांभाळणं हे त्याचं रोजचं काम. क्लबातल्या चर्चेशी त्याला देणंघेणं नव्हतं, पण नदी मात्र तो दिवसभर पाहत होता. पाहता पाहता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली: पोहणारा निम्फ पाय पसरत नाही, अंगाशी घट्ट आवळून घेतो. स्क्यूज यांच्यासह सगळे कारागीर पाय दाखवायला निम्फच्या गळ्याशी कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळत. सॉयर यांनी ते काढूनच टाकलं. माझ्या मते या कलेच्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे, कारण तोवर प्रत्येक सुधारणा म्हणजे काहीतरी नवं जोडणं असंच समीकरण होतं.

मग उरल्या दोनच वस्तू. एक तांब्याची तार, केसापेक्षा जरा जाड. दुसरी नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं तांबूस पीस. दोरा नाहीच. बांधण्याचं काम तारच करते, वजनही तीच देते, आणि पिसाच्या फटींतून तिची लालसर झाक दिसते ती वेगळीच.

कृती ऐकताना सोपी वाटते. गळ शिकंज्यात आडवा धरायचा. तार दांडीवर एकसारखी गुंडाळायची आणि पुढच्या भागात, जिथे निम्फची छाती येते तिथे, वेढ्यांवर वेढे देऊन उंचवटा करायचा. तार मागे वाकापर्यंत आणायची. पिसाचे चार तंतू घ्यायचे आणि त्यांची टोकं किंचित बाहेर राहतील अशी बांधायची. ती झाली शेपटी. आता खरी खुबी. तंतू तसेच न गुंडाळता आधी तारेभोवती पिळायचे आणि मग तो पीळ पुढे नेत नेत अंग भरायचं. नुसते तंतू ट्राउटच्या बारीक दातांपुढे टिकत नाहीत. तारेचा आधार असला की टिकतात. गळाच्या डोळ्यापाशी पोचल्यावर तंतू तारेपासून सोडवायचे आणि छातीच्या उंचवट्यावरून मागे-पुढे दोन-तीनदा दुमडून तारेनं आवळायचे. पंख फुटायला आलेल्या निम्फच्या पाठीवर जो गडद फुगवटा दिसतो, तो असा तयार होतो. अंग जाड झालं की सगळं बिघडतं. नवशिक्याला हात आखडता घ्यायला शिकवणं हेच इथे सर्वांत अवघड.

बांधलेला निम्फ पाण्यात वागायलाही हवा. सॉयर तो माशाच्या वरच्या बाजूला टाकत, बुडू देत आणि माशाच्या नजरेत आला की काठीचं टोक हलकेच उचलत. निम्फ वर सरके. पळून चाललेला घास समजून ट्राउट झडप घाली. नेदरएव्हनलाच राहणारे निवृत्त मेजर ऑलिव्हर काइट यांनी हे आणखी टोकाला नेलं. पीस अजिबात न बांधता, गळावर नुसता तांब्याच्या तारेचा उंचवटा ठेवून त्यांनी मासे पकडून दाखवले. आकार आणि हालचाल बरोबर असली की रंगाचं फारसं अडत नाही, हे सॉयर यांचं तत्त्व त्यातून उघड्यावर आलं.

इथे आपल्या सह्याद्रीचा एक संबंध सांगायला हवा. सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या भपकेदार माश्यांना आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची, मेणासारखे पिवळे ठिपके असलेली पिसं लागत. त्या हौसेपायी हा पक्षी मोठ्या प्रमाणात मारला गेला. आज त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. इंग्लंडात खाण्यासाठी मारल्या जाणाऱ्या फेझंटच्या शेपटीवर भागणारा सॉयर यांचा निम्फ मला त्यामुळेही मोलाचा वाटतो.

पुढे अमेरिकेत मोंटानाच्या अल ट्रॉथ यांनी याच निम्फच्या छातीला मोरपिसाचे तंतू लावले आणि पायही परत आणले. अलीकडे त्याच्या डोक्याशी टंगस्टनचा मणी बसवतात. टंगस्टन तांब्याच्या दुपटीहून जड, त्यामुळे गळ चटकन तळाशी जातो. संथ, नितळ एव्हनवर हा मणी उगाच धप्पकन पडतो. तिथे सॉयर यांचं मूळ रूपच चांगलं. पण इंग्रजांनी ट्राउट आणून सोडलेल्या हिमाचलच्या तीर्थनसारख्या खळाळत्या नदीत नुसत्या तारेचा निम्फ प्रवाह वरच्या वर वाहून नेतो. तिथे मणी लावावाच.