पत्त्यांचा नवा खेळ आणि दुकानाची फळी



अध्यक्ष म्हणून थेट विषयाला हात घालतो, कारण पुढे जेवणाची वेळ आहे.

सावंतवाडीत उभं राहून पत्त्यांवर बोलायचं तर सुरुवात गंजिफापासूनच व्हायला हवी. केवळ यजमानांचा मान राखायचा म्हणून मी हे म्हणत नाही. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. इतका हा खेळ आपल्याकडे जुना आहे. दशावतारी गंजिफाची पानं १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पानं. डाव दिवसा मांडला तर रामाची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाची. इथल्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी लक्ष घातलं नसतं तर ही गोल पानं आज फक्त संग्रहालयात दिसली असती.

पण आपण खेळ रचणारी, छापणारी, विकणारी, धंद्याची माणसं आहोत, म्हणून एक कडू गोष्ट बोलतो. गंजिफा आज विकली जाते ती शोभेची वस्तू म्हणून. इथल्या चितारआळीतून ती घेऊन जाणारा पर्यटक घरी गेल्यावर चौकट करून ती भिंतीला लावतो. पानं वाचली, पण खेळ घराघरांतून गेला. हाताने रंगवलेल्या पानांची किंमत हे एक कारण आहेच. दुसरं कारण मला अधिक मोठं वाटतं. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन हे खेळ कुणी जाहिरात न करता लग्नघरांत, गणपतीच्या जागरणांत आणि रेल्वेच्या डब्यांत पसरले, कारण ज्याला ते येतात तो दुसऱ्याला पाच मिनिटांत शिकवतो. गंजिफा तशी शिकवता येत नाही. तिला जाणता माणूस शेजारी बसलेला लागतो.

माझं आजचं सगळं म्हणणं यातच आहे. हलकाफुलका पत्त्यांचा खेळ त्याच्या कर्त्याने सांगून चालत नाही. तो खेळलेल्या माणसाने पुढच्याला सांगून चालतो. तेव्हा हे सांगणं सोपं व्हावं म्हणून जे जे करावं लागतं, त्या सगळ्याला रचना म्हणायचं. खोका, किंमत आणि नियमांचा कागदही त्यातच आले.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ओहायो राज्यात रीडिंग नावाचं एक छोटं शहर आहे. तिथे मर्ल रॉबिन्स नावाचा केशकर्तनकार होता. क्रेझी एट्स नावाचा साध्या कॅटने खेळायचा एक जुना खेळ त्याच्या घरात चाले. त्याच्या नियमांवरून मुलाशी वाद झाला आणि त्या वादातून १९७१ साली उनो जन्माला आला. घरच्यांनी मिळून आठ हजार डॉलर उभे केले आणि पाच हजार कॅट छापून घेतले. भागाकार करून बघा, एका कॅटला एक डॉलर साठ सेंट पडले. विक्री सुरू झाली ती रॉबिन्सच्याच दुकानात. पुढे ओळखीचे दुकानदारही माल ठेवू लागले. नंतर इलिनॉयमधल्या जॉलिएट गावच्या काही मंडळींनी पन्नास हजार डॉलर आणि प्रत्येक कॅटमागे दहा सेंट देऊन हक्क विकत घेतले. त्यांचा म्होरक्या अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहण्याच्या धंद्यातला होता. १९९२ साली हा खेळ मॅटेलकडे गेला. खेळण्यांच्या धंद्यातली मोठी कंपनी गोष्टीत आली ती एकवीस वर्षांनी.

सलूनमध्ये विकलं जाणं हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. तिथे गिऱ्हाईक खुर्चीवर बसून आपल्या पाळीची वाट बघतं, हात रिकामे असतात आणि शेजारी अनोळखी माणूस असतो. अशा जागी जो खेळ सांगता येतो तो कुठेही सांगता येतो.

आता उनोची पानं मोजा. मूळ कॅट १०८ पानांचा. चार रंग. प्रत्येक रंगात शून्य एकदा आणि एक ते नऊ दोनदा, म्हणजे एकोणीस. शिवाय पाळी घालवणारी, दिशा फिरवणारी आणि दोन पानं उचलायला लावणारी अशी प्रत्येकी दोन. रंग बदलणारी आठ पानं वेगळी. रंगाला रंग किंवा आकड्याला आकडा, एवढा नियम कळला की हात चालू लागतो. बाकीचं पानच सांगतं. सगळ्यात हुशारीची गोष्ट तर पानावर छापलेलीच नाही. शेवटचं पान हातात उरलं की ‘उनो’ ओरडायचं, विसरलात आणि कुणी पकडलं तर दंड. हरणाऱ्या माणसालाही डावात रस राहतो तो यामुळे. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतं की इथे काहीतरी मजा चालली आहे.

आणखी एक गंमत. दोन पानं उचलायला लावणाऱ्या पानावर तसंच पान टाकून दंड पुढच्याच्या गळ्यात घालायचा, हा नियम घरोघरी चालतो. कंपनीने २०१९ साली जाहीरपणे सांगितलं की असा नियम नाही. लोकांनी ऐकलं नाही आणि खेळाचं काही बिघडलंही नाही. आपल्याकडे मेंढीकोटाचा हुकूम कसा काढायचा यावर दोन गावांचं कधी एकमत झालंय? लोक नियम मोडू लागले की समजा खेळ त्यांचा झाला. नव्या रचनाकारांनी याचा राग धरू नये.

तरुण मंडळी मला नेहमी २०१५ च्या एक्स्प्लोडिंग किटन्स या पत्त्यांच्या खेळाचं उदाहरण देतात. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर २,१९,३८२ लोकांनी मिळून सुमारे ८७ लाख ८० हजार डॉलर दिले, हे खरंच आहे. पण त्या खेळाच्या चित्रकाराचा मोठा वाचकवर्ग आधीपासून तयार होता. तो ज्याच्यापाशी नाही, त्याने हा आकडा डोक्यातून काढून टाकावा. त्यापेक्षा सेट या खेळाकडे बघा. मार्शा फाल्को यांनी तो १९७४ साली जनुकांच्या अभ्यासातून रचला. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, अशी ८१ पानं. तो बाजारात यायला १९९० उजाडलं. तोवर तो घरात आणि मित्रमंडळींतच खेळला जात होता.

चाचणीबद्दल एवढंच सांगतो. आपला खेळ आपल्या घरच्यांना आवडणं याला चाचणी म्हणत नाहीत. बंद खोका अनोळखी कुटुंबाच्या हातात द्या, कोपऱ्यात बसा आणि तोंड उघडू नका. ‘नाही नाही, तसं नाही’ असं म्हणावंसं जिथे वाटेल, तिथे कागदावर खूण करा. दोष त्या कुटुंबाचा नाही, तुमच्या वाक्याचा आहे. रचनाकाराला काही प्रत्येक खोक्यात बसून ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. नियमांच्या कागदाची सुरुवात ‘फार वर्षांपूर्वी एका राज्यात’ अशी करणाऱ्यांना तर मी हात जोडतो. आधी किती पानं वाटायची ते सांगा. गोष्ट नंतर सांगा, किंवा सांगूच नका.

आता छपाईकडे वळतो. सभागृहात छापखानेवाले बरेच दिसताहेत, त्यांना हे पाठ आहे. पण रचनाकारांना ते फार उशिरा कळतं. नेहमीच्या मापाचं पान ६३ गुणिले ८८ मिलिमीटर. असं काम सहसा ५४ किंवा ५५ पानांच्या शीटच्या हिशेबाने चालतं. उनोची १०८ म्हणजे चोपन्नची दुप्पट, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या खेळात ५८ पानं असतील तर चार पानांसाठी दुसरी शीट लागते. त्या वेळी चार पानं कमी करण्याचं धैर्य हवं, आणि बहुतेक वेळा त्यामुळे खेळ सुधारतोच.

पान हातात घेऊन बघा. दिव्यासमोर धरल्यावर पाठीमागून आकडा दिसला तर तो कागद पत्त्यांचा नव्हे. चांगल्या पत्त्यांच्या कागदात मधोमध काळा किंवा निळा थर असतो तो यासाठीच. साध्या आर्ट कार्डवर काम करायचंच असेल तर लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूला केलेलं पान कोकणातल्या पावसाळ्यात वळतं आणि वळलेलं पान पिसता येत नाही. पाठीच्या नक्षीला पांढरी चौकट द्यायचा मोह होतो, पण डाय पंचिंगमध्ये अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की ती चौकट चुगली करते. मग अमुक पान हुकमाचं हे मुलांना पाठीवरूनच कळतं. आकडा डाव्या वरच्या कोपऱ्यात हवा, कारण पंखा धरल्यावर तेवढंच दिसतं. चित्रकार हे ऐकत नाहीत. त्यांना चित्र पूर्ण दिसायला हवं असतं. तिथे चित्रकाराशी भांडा.

पैशाचा हिशेब थोडक्यात मांडतो. पत्ते आणि बैठ्या खेळांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही आपल्यासाठी चांगली बातमी. समजा खोक्यावर २९९ रुपये एमआरपी छापली. कर वजा जाता उरतात साधारण २८५. त्यात दुकानदाराचे ३५ टक्के धरा, शंभर गेले. डिस्ट्रिब्युटरचे १२ टक्के, चौतीस गेले. हातात आले १५१. त्यातून कागद, छपाई, खोका, वाहतूक, नमुन्याच्या प्रती, चेपून परत आलेला माल आणि तीन महिन्यांच्या उधारीचं व्याज. म्हणून एका कॅटचा उत्पादनखर्च एमआरपीच्या एक पंचमांशावर गेला की मी त्या माणसाला थांबायला सांगतो. पाचशे प्रती छापल्या तर हा हिशेब जुळत नाही आणि पाच हजार छापल्या तर पलंगाखाली जागा उरत नाही. या दोहोंच्या मधला आकडा ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावा.

‘कल्पना चोरली तर?’ हा प्रश्न प्रत्येक संमेलनात येतो. खेळ खेळण्याच्या पद्धतीला आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात पेटंट मिळतच नाही, कलम ३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. चित्रं आणि नियमांचा मजकूर यांना कॉपीराइट आहे. नाव ट्रेडमार्कच्या २८ व्या वर्गात नोंदवता येतं, ते जरूर नोंदवा. बाकी निर्धास्त राहा. नव्या माणसाचा खेळ चोरायला कुणी टपलेलं नसतं, तो खेळून बघायला माणूस मिळाला तरी खूप. दुसरी गोष्ट, चौदा वर्षांखालील मुलांची खेळणी म्हणून माल विकायचा असेल तर १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं प्रमाणन सक्तीचं आहे. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, ती इथल्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांनी माहीत करून घ्यावी. खोक्यावर वय छापण्याआधी सल्लागाराला विचारा, नंतर स्टिकर चिकटवत बसू नका.

दुकानदार मित्रांबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी त्यांच्या तोंडावरच करतो. नवा खोका तुम्ही सर्वात वरच्या फळीवर ठेवता आणि महिन्याने ‘चालत नाही’ म्हणून परत करता. तुळशीबागेत काय किंवा क्रॉफर्ड मार्केटात काय, गिऱ्हाईक खोका उलटा करतं, मागचं वाचतं आणि खाली ठेवतं. ते वाचायला लागतात काही सेकंद. तेवढ्यात किती जणांचा खेळ, किती वेळाचा आणि काय करायचं, हे कळलं पाहिजे, तेही मराठीत. महाराष्ट्रात विकायच्या खेळाच्या पाठीवर मराठीची एक ओळ नसते, हे मला पटत नाही. आजी आणि नातू एकत्र खेळावेत अशी जाहिरात करायची आणि आजीला वाचता येईल असं काही छापायचं नाही, हा कुठला धंदा? एकेक कॅट उघडा करून काउंटरवर ठेवायची तयारी दुकानदारांनी दाखवावी. त्या कॅटचे पैसे रचनाकाराने सोसावेत. तेवढी रक्कम जाहिरातीत घालण्यापेक्षा हा खर्च शंभर पटीने बरा.

दुपारच्या सत्रात सभागृहाच्या मागच्या बाजूला टेबलं मांडली आहेत. ज्यांनी आपले नवे खेळ आणले आहेत त्यांना अध्यक्ष या नात्याने एकच विनंती आहे. आपला खोका टेबलावर ठेवा आणि स्वतः दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन बसा.