रकाना नसलेली सेवा
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकीय मनोगत)



जमाखर्चाचा अहवाल आपल्या हाती आहेच; त्याची उजळणी आम्ही करीत नाही. त्या अहवालात जिच्यासाठी रकानाच नाही, अशा एका सेवेविषयी बोलण्याची परवानगी घेतो.

खुब्याचे हाड मोडल्याने एक वृद्ध माता आमच्याकडे दाखल झाल्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु रात्री त्या अंथरुणातून उठू लागल्या, सलाईनची नळी ओढू लागल्या. गोठ्यात वासरू हंबरते आहे, ते सोडायला हवे, एवढेच म्हणत. रात्रपाळीला सिस्टर एकट्या, कक्ष भरलेला. पहाटे मुलगा आला, तेव्हा आईचे दोन्ही हात बँडेजने कॉटला बांधलेले त्याला दिसले. तक्रारवहीत त्याने एकच ओळ लिहिली: ‘आईला विसरायला होते, हे दाखल करतानाच सांगितले होते.’ ते खरे होते. केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब सारे होते, विस्मरण नव्हते.

सिस्टरांना दोष देऊन आम्हांस मोकळे होता आले असते. पण पाळ्या आम्हीच लावल्या होत्या.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढील शंभरांमागे सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशात अशी माणसे 88 लाखांच्या घरात आहेत. ती आमच्याकडे येतात ती मात्र न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग वा मोडलेले हाड घेऊन. घरी परिचयाच्या भिंतींत निभावणारे माणूस येथे एका रात्रीत भ्रमिष्ट होते. त्याचे कारण पुष्कळदा साधे असते: न सांगता येणारी वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पोटात न गेलेले पाणी, झोपेचे औषध. चष्मा आणि कानाचे यंत्र तर ‘हरवायला नको’ म्हणून आम्हीच नातेवाइकांच्या हाती देत असू!

आता दाखल करतानाच विस्मरणाची विचारणा होते व नोंद केली जाते. अशा रुग्णाजवळ घरचे एक माणूस रात्रभर थांबू शकते. पासाची अट त्यांना नाही. रात्री खाट बदलली जात नाही. चष्मा रुग्णाच्या डोळ्यांवरच राहतो. याला खर्च नाही. खर्च आहे तो जवळ बसणाऱ्या माणसाचा. घास भरवायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासाचे बिल कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही. वाणिज्य शाखेचे आमचे शिक्षण येथे थिटे पडते, हे प्रांजळपणे मान्य करतो. ज्यांचे कोणीच नाही, अशा निर्धन खाटांवरील रुग्णांजवळ तर आमच्या मावशींवाचून कोण बसणार?

म्हणून रात्रपाळीसाठी दोन जादा मावशींच्या वेतनाची तरतूद आगामी अंदाजपत्रकात मांडली आहे. पान उघडून ती अवश्य पाहावी. त्या मातोश्री वॉकर धरून घरी गेल्या. पुढील तपासणीस मुलगा त्यांना दुसरीकडे घेऊन गेला.