पुराणातली नावे, आपल्या तोंडी

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मारुतीरायाच्या देवळाचे काम चालू असताना पारावर एकच वाक्य ऐकू येई, "खर्च म्हणजे मारुतीचं शेपूट झालंय!" देव गाभाऱ्यात आणि शेपूट हिशेबाच्या वहीत! पुराणातली नावे अशी आपल्या बोलण्यात येऊन बसली आहेत. हमखास गुण देणारे औषध रामबाण, झोपाळू पोरगा कुंभकर्ण, अंगावर दागिना नसलेली बाई लंकेची पार्वती.

पण नाव घेताना आपण निम्मीच गोष्ट घेतो. मी तहसील कचेरीतला कारकून. कागद अडला की लोक आम्हांला 'झारीतले शुक्राचार्य' म्हणतात. (कागद कधी कधी दाखल्यावाचूनही अडतो, ते असो.) वामनाने बळीराजाकडे तीन पावले जमीन मागितली. बळी दानाचे पाणी सोडणार, तोच त्याचे गुरू शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत बसले. वामनाने तोटीत दर्भ घातला आणि त्यांचा एक डोळा गेला. त्यांनी पाणी अडवले ते स्वतःच्या लाभासाठी नव्हे. शिष्याचे राज्य जाते आहे हे त्यांना दिसत होते. चिरीमिरीसाठी अडून बसणाऱ्याला एवढे मोठे नाव कशाला द्यायचे? आणि ज्याचे सर्वस्व गेले तो बळी शेतकऱ्याच्या नावात राहिला. पाडव्याला आयाबहिणी अजून त्याचेच राज्य मागतात.

नारदमुनींचेही तेच. भांडण लावणारा तो कळीचा नारद; पण कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी, आणि तिथे उभ्या असलेल्या बुवांच्या सगळा गाव पाया पडतो. एकाच नावाला देवळात मान आणि पारावर शिवी.

जिवाला सगळ्यांत जास्त लागते ते अष्टावक्र हे नाव. पायाने अधू असलेल्या मुलाला शाळेच्या वाटेवर पोरे या नावाने चिडवतात. महाभारतातला अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा होता खरा, पण कोवळ्या वयात जनकराजाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताला वादात हरवून त्याने बापाला सोडवून आणले. चिडवणाऱ्या पोरांना एवढे कोणी सांगितलेलेच नाही.

म्हणून पंचमंडळींना एक विनंती. आपल्या देणग्यांतून सभामंडपाला चांगली फरशी बसली आहे. दर शनिवारी आरतीनंतर तिच्यावर पोरांना बसवून एक गोष्ट सांगावी. पहिली अष्टावक्राची घ्यावी. सांगायला कोणी नसेल तर कचेरी सुटल्यावर मी येईन.