नळाचें उलटें पाणी

तोटी सोडली कीं पाणी घरांत येतें, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे कीं तेंच पाणी कधीं घरांतून परत वाहिनींत जाईल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पाण्याला दिशा ठाऊक नसते. त्याला कळतो तो फक्त दाब.

नाशिकचेंच उदाहरण घ्यावें. १९६५ सालीं पुऱ्या झालेल्या गंगापूर धरणांतील पाणी शुद्ध होऊन शहरांत येतें. परंतु पुष्कळ वस्त्यांत तें ठराविक वेळींच येतें. पुरवठा थांबला म्हणजे नळांतलें पाणी सखल भागाकडे ओसरूं लागतें आणि मागें पोकळी उत्पन्न होते. अशा वेळीं तोटीला लावलेली रबरी नळी मोरींतल्या बादलींत किंवा बागेंतल्या आळ्यांत बुडालेली असली, तर तेथील घाण पाणी वाहिनींत शोषलें जातें. दुसऱ्या दिवशीं पहिली कळशी भरणाऱ्या शेजारणीला त्याची गंधवार्ताहि नसते. नळालाच मोटार जोडणारें बिऱ्हाड तर ही पोकळी आपल्या हातानें निर्माण करतें. बोअरचा नळ महापालिकेच्या नळाला जोडून मधें नुसता कॉक ठेवणें याहूनहि घातक. तो उघडा राहण्यास एका माणसाचा विसराळूपणा पुरतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंत अशी जोडणी निषिद्ध आहे, ती याचसाठीं.

ही भीति काल्पनिक नव्हे. १९६९ सालीं अमेरिकेंतील वूस्टर येथें होली क्रॉस महाविद्यालयाचा फुटबॉल संघ सराव करीत होता. जवळच आग लागली, बंबांनीं पाणी ओढलें आणि वाहिनींतील दाब उतरला. मैदानावरील जमिनीलगतच्या तोटीभोंवतीं साचलेलें दूषित पाणी नळांत ओढलें गेलें. तें पिणाऱ्या ९७ जणांपैकीं ९० जणांना काविळीच्या विषाणूची बाधा झाली व संघाला तो हंगामच सोडून द्यावा लागला.

यावर सर्वांत जुना व बिनखर्चाचा उपाय म्हणजे हवेचें अंतर. टाकींत पाणी सोडणाऱ्या नळाचें तोंड टाकीच्या कांठाहून वर, निदान नळाच्या व्यासाच्या दुप्पट उंचीवर ठेवावें. मग टाकींतलें पाणी नळाला शिवूंच शकत नाहीं. जेथें असें अंतर ठेवणें शक्य नाहीं, जसें कारखान्यांत किंवा रुग्णालयांत, तेथें झडप बसवावी लागते. पण साधी एकेरी झडप विश्वासाची नव्हे. तिच्या बैठकींत वाळूचा एक कण अडकला कीं ती उघडीच राहते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास ती धडधाकटच दिसते. म्हणून धोक्याच्या जागीं एकामागें एक दोन झडपा आणि मधें कमी दाबाचा कप्पा, अशी रचना करतात. झडप गळूं लागली तर त्या कप्प्याचें निचऱ्याचें तोंड उघडतें व पाणी वाहिनींत न जातां बाहेर सांडतें.

ही रचना बसवून विसरून जाण्याची नाहीं. अमेरिकेंतील अनेक नगरांत परवानाधारक तपासनिसाकडून वर्षांतून एकदां तिची परीक्षा करवून घेणें सक्तीचें आहे. पुढल्या बाजूचा कॉक बंद करून तो दाबमापक लावतो. कप्प्यांतील व येणाऱ्या पाण्याच्या दाबांतला फरक चौरस इंचास दोन पौंडांखालीं जाण्यापूर्वींच निचरा उघडला पाहिजे. न उघडल्यास यंत्र नापास.

जागेचाहि नियम आहे: निचऱ्याचें तोंड जमिनीपासून निदान फूटभर वर असावें, खड्ड्यांत कदापि नसावें. पावसाळ्यांत गोदेचें पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलें म्हणजे कांठच्या सखल खड्ड्यांत काय भरतें, हें नाशिककरांना सांगावयास नको. त्या खड्ड्यांत बुडालेल्या यंत्राचें निचऱ्याचें तोंड, झडप गळकी असेल तर, नेमकें तेंच पाणी आंत घेतें.